ड्रायव्हरच्या बाजूची चकती

रॉइसने न सांगता भांडी घासायला घेतली, तेव्हाच नोलाच्या मनात पाल चुकचुकली.

हा तिचा एकुलता एक मुलगा. वय त्रेपन्न, आणि दारात उभा राहिला तर मागचं अंगण दिसेनासं होईल एवढा. दर रविवारी तो पोर्ट ऑगस्टाहून क्वॉर्नला यायचा, मटणाचा रोस्ट खायचा, टीव्हीवर फुटबॉल बघता बघता बापाच्या खुर्चीत झोपायचा आणि जाताना उरलेलं मांस डब्यात भरून न्यायचा. भांडी त्याने आयुष्यात दोनदा घासली होती. एकदा खुराड्याची कडी लावायला विसरला आणि कोल्ह्याने सगळ्या कोंबड्या मारल्या, तेव्हा. दुसऱ्यांदा बापाची, क्लॅरीची, मोटारसायकल न विचारता नेऊन कुंपणावर घातली, तेव्हा. नोलाची आठवण म्हणजे त्या कोरड्या मुलखात पडलेलं लोखंड. गंज चढायचाच नाही.

"काय मोडलंस?" तिने विचारलं.

"काही नाही गं. म्हटलं, यंदा तुझ्या गाडीचं सस्पेन्शन करून देतो. स्प्रिंगा, शॉकॲब्सॉर्बर, सगळं नवं. माझ्याकडून वाढदिवसाची भेट समज."

"वाढदिवस फेब्रुवारीत झाला माझा."

"मग पुढच्या फेब्रुवारीचा."

"पुढच्या फेब्रुवारीपर्यंत मी आहे, असं गृहीत धरलंस. बरं वाटलं ऐकून."

रॉइस हसला, पण जरा जास्तच हसला. नोलाने पुसायचं फडकं हातात घेतलं आणि त्याच्या पाठीकडे बघत राहिली. कुठेतरी पाणी मुरत होतं.

जुलै आला, तिकडची थंडी पडली की सिम्प्सनचं वाळवंट ओलांडून नोला बर्ड्सविलला थोरल्या बहिणीकडे, व्हर्नाकडे जायची. क्लॅरी होता तेव्हा तो चालवायचा आणि ती डावीकडे बसून गाडीतल्या बोलायच्या रेडिओवर पुढच्या गाड्यांना हाका घालायची. क्लॅरी गेल्यावर गावाला वाटलं, म्हातारी आता मुकाट्याने डांबरी रस्त्याने बसने जाईल. तिने खुर्ची पुढे सरकवली, पाठीला उशी लावली आणि वाटेत भेटतील त्या गाड्यांच्या सोबतीने वाळूच्या टेकड्यांमागून टेकड्या चढत एकटी गेली. पुढच्या वर्षीही गेली, त्याच्या पुढच्या वर्षीही. यंदा मात्र व्हर्नाने घर विकलं होतं. थंडी सरली की ती लेकीकडे ब्रिस्बेनला कायमची जाणार होती. मग वाळवंटापलीकडे नोलाचं कुणीच उरणार नव्हतं. म्हणून हे एकदा, शेवटचं, पण स्वतःच्या हाताने. एवढंच तिला हवं होतं.

आणि एवढंच आपल्याकडून काढून घेणार, अशी तिला धास्ती होती. क्लॅरीच्या मागे लोकांनी बरंच काही 'सांभाळायला' नेलं होतं. पुतण्याने होडी नेली. शेजारच्या नोस्कीने मेंढ्यांचं कुरण नेलं. शेडमधली हत्यारं खुद्द रॉइसने नेली. सगळं सांभाळायलाच. परत काही आलं नव्हतं. राहिली होती ती ही जुनी लँड क्रूझर, उजव्या अंगाला जराशी कललेली. क्लॅरी अंगाने रॉइससारखाच, आणि तीस वर्षं ड्रायव्हरच्या खुर्चीत बसलेला. त्या बाजूच्या स्प्रिंगा दबून गेल्या होत्या. गावात लोक त्याला 'क्लॅरीचा झोक' म्हणत. दुकानाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांत ही लांबून ओळखू यायची.

पोर्ट ऑगस्टाला स्टेल मावरोस नावाच्या ग्रीक माणसाचं सस्पेन्शनचं दुकान होतं. वाळवंटात जाणारा-येणारा प्रत्येक जण तिथे एकदा तरी थांबायचा. स्टेलची जीभ तेल लावल्यासारखी चालायची, म्हणून नोलाचा त्याच्यावरही विश्वास नव्हता. ती रॉइसबरोबर दुकानात शिरली ती दुधाचा प्लास्टिकचा क्रेट काखेत मारून. त्या क्रेटला दोरी बांधलेली होती. तो दाराशी उपडा ठेवायचा, त्यावर पाय देऊन गाडीत चढायचं आणि दोरीने क्रेट वर ओढून घ्यायचा, हा तिचा शिरस्ता.

"मिसेस पी., पायऱ्या देतो की चांगल्या ॲल्युमिनियमच्या," स्टेल म्हणाला.

"या क्रेटने मला कधी दगा दिला नाही. तुझ्या पायऱ्यांची मला ओळख नाही."

"गाडी किती उचलायची?"

"चार इंच," रॉइस म्हणाला.

"दोन," नोला म्हणाली.

दोघं एकदमच बोलले. स्टेलने एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं आणि शहाण्या दुकानदारासारखा शॉकॲब्सॉर्बरवरची धूळ पुसू लागला.

दारात चार इंच उचललेली एक गाडी उभी होती. नोलाने तिच्या दाराशी क्रेट ठेवला, पाय दिला, हात वर केला. मुठीला बोटं जेमतेम लागली. गुडघा अर्ध्यात अडला आणि ती तशीच लोंबकळत राहिली. रॉइस पुढे धावला, पण तिने कोपराने त्याला बाजूला सारलं आणि खाली उतरली.

"असं आहे होय," ती म्हणाली.

"काय असं आहे?"

"गाडी इतकी उंच करायची की म्हातारीला चढताच येऊ नये. मग म्हणायचं, 'राहू दे गं आई, नाही जमायचं तुला.'"

"आई, चार इंच उचलली की पोट वाळूला लागत नाही! जगात सगळे..."

"जगात सगळे मूर्खपणा करतात. चार इंचांनी गाडी डोकेजड होते. आडव्या उतारावर लोळली तर? आणि वर परवान्यासाठी इंजिनिअरची सही आणत फिरा."

"बाई बरोबर बोलतायत," स्टेल म्हणाला. "दोन इंच पुरे. मला सांगा, वजन काय काय असणार? स्प्रिंग उंचीवर निवडत नाही मी, वजनावर निवडतो. रिकाम्या गाडीला भारी स्प्रिंग घातली तर दात खिळखिळे होतील, भरल्या गाडीला हलकी घातली तर मागून बसेल."

नोला तोंड उघडणार, तोच रॉइसने धडाधड सांगून टाकलं. "डिझेलची जादा टाकी, पाण्याची टाकी, फ्रिज, दोन स्वॅग, कुत्री."

स्वॅग म्हणजे गुंडाळून न्यायचं कॅनव्हासचं अंथरूण. एका माणसाला एक.

"दोन कुणाला?" नोलाने विचारलं.

"एक जादा. ओला झाला तर."

"वाळवंटात?"

रॉइसने स्टेलला फॅन बेल्टबद्दल काहीतरी विचारलं. ते दुसरं अंथरूण मात्र नोलाच्या डोक्यात पसरलं ते पसरलंच.

भरल्या गाडीचं वजन घेतल्याशिवाय स्टेल काम करत नसे. त्यासाठी सगळे क्वॉर्नच्या धान्याच्या कोठ्यांपाशी असलेल्या वजनकाट्यावर जात. गव्हाच्या ट्रकांचा तो काटा, पण हंगाम नसला की ज्याला वाळवंटात जायचंय त्याने गाडी आणावी. आधी उजवी चाकं काट्यावर घ्यायची, मग डावी, मग अख्खी गाडी. टाक्या भरलेल्या हव्यात, सामान जागच्या जागी हवं, आणि माणसंही ज्याने-त्याने आपापल्या जागी बसायचं. आकडे मोठ्या पाटीवर लाल दिव्यांत उमटत आणि रस्त्यावरच्या कुणालाही दिसत. त्यामुळे कितीतरी बायका ऐन वेळी 'मला चक्कर येतेय' म्हणून खाली उतरत. क्लॅरी बूट काढून बसायचा, जणू त्याने काही लपणार होतं. नोला कधी उतरली नाही. उलट फ्रूटकेकचा डबा मांडीवर घेऊन बसायची. केकही येतोय ना, मग त्याचंही वजन धरायला हवं.

यंदा मात्र तिला तिथे नेलंच नाही. बुधवारी ती बोल्सच्या, त्या हिरवळीवर चेंडू गडगडवायच्या खेळाच्या, सामन्याला गेली असताना रॉइस घरी येऊन गाडी भरून घेऊन गेला, वजन करून तिकडूनच स्टेलकडे टाकून आला. संध्याकाळी फोनवर म्हणाला, "तुला त्रास कशाला, म्हणून उरकून टाकलं."

त्याच आठवड्यात व्हर्नाचा फोन आला. भांडी आधीच खोक्यांत गेली, दोनच कप बाहेर आहेत, वगैरे सांगता सांगता ती म्हणाली, "आणि रॉइसला सांग, बिअर स्वतःची घेऊन ये. इथे पबमध्ये..." आणि एकदम थांबली.

"रॉइसला कशाला बिअर लागेल बर्ड्सविलला?"

"मी रॉइस म्हटलं? रॉय म्हटलं असेल. शेजारचा रॉय."

"तुझ्या शेजारी रॉय कधीपासून?"

"नवीनच आलाय," व्हर्ना म्हणाली आणि दारात कुणी आल्याचं सांगून तिने फोन ठेवला. बर्ड्सविलसारख्या गावात शेजारी नवीन माणूस येतो आणि व्हर्ना त्याच्याबद्दल चकार शब्द बोलत नाही, हे काही नोलाच्या पचनी पडलं नाही.

गाडी आली. रॉइसने किल्ली दिली, गालाला गाल लावला आणि घाईघाईने बायकोच्या गाडीत बसून गेला. नोलाने गाडीभोवती एक फेरी मारली. मागून टिलीने, तिच्या तांबड्या केल्पी जातीच्या कुत्रीनेही मारली. उंची दोनच इंच वाढली होती. क्रेटवरून चढता येत होतं. शॉक चांगले, जाड. शंकेला जागा नव्हती, म्हणूनच तिची शंका वाढली.

तिने चहा करून आणला आणि नेहमीप्रमाणे कप बॉनेटवर टेकवला. अंगणातली ती फरशी क्लॅरीने स्वतः पाणसळ लावून घातली होती, तिच्यात खोट निघणं शक्य नव्हतं. पण कपातला चहा डावीकडे कडेला आलेला आणि उजवीकडे खाली गेलेला. तीस वर्षं तो उजवीकडे कडेला यायचा. म्हणजे क्लॅरीचा झोक गेलाच होता, वर गाडीने उलटं अंग टाकलं होतं.

नोला पुढच्या चाकापाशी गुडघ्यावर बसली. उजव्या चाकाच्या पोकळीत हात घालून तिने स्प्रिंगचं वरचं टोक चाचपलं. बोटांना एक जाड चकती लागली. स्प्रिंगच्या डोक्यावर, टोपीसारखी, ती बाजू वर उचलून धरणारी. मग ती डावीकडे गेली. तिथे काही नव्हतं.

ती तशीच गाडीत बसून स्टेलकडे गेली. पाऊण तास बॉनेट डाव्या अंगाला झुकलेलं तिच्या डोळ्यांसमोर होतं. आपल्या खुर्चीत दुसऱ्याच कुणीतरी बसायला हवं होतं आणि त्याची वाट बघत गाडीने खांदा वर धरलाय, असं तिला वाटत राहिलं.

"स्टेल, उजवीकडे चकती का घातलीस?"

"ड्रायव्हरच्या बाजूला घालतोच आम्ही, मिसेस पी. त्या बाजूला वजन जास्त. पातळ घालतो सगळ्यांना, तुम्हाला जाड लागली."

"मला? माझ्याकडे नीट बघ. ओल्या कोटासकट उचललंस तरी गव्हाच्या पोत्याएवढी भरायची नाही मी."

स्टेलने बघितलं. पुसायचं फडकं त्याच्या हातात तसंच राहिलं. "काट्यावर जे आलं त्याप्रमाणे घातली. आता काट्यावर ड्रायव्हरच्या जागी कोण बसलं होतं, ते मी काय..." आणि मग त्याच्याही लक्षात आलं. "अरेरे."

"अरेरेच," नोला म्हणाली.

पुढच्या रविवारी तिने क्वांडाँगचा पाय, ओव्हनमध्ये भाजायचा सारणाचा गोड पदार्थ, केला. त्या आंबटगोड रानफळाचा पाय म्हणजे रॉइसचा जीव की प्राण. त्याने दुसरा तुकडा तोंडात घातल्यावर तिने विचारलं, "काट्यावर गाडी कोणी चालवली?"

"मीच. तू बोल्सला होतीस."

"आणि वजन घेताना त्या खुर्चीतून उतरलास का?"

"उतरून काय करायचं? ड्रायव्हर तर बसायलाच हवा ना. नियमच आहे..." तो थांबला. चमचा ताटलीत राहिला.

"कुठल्या ड्रायव्हरचं वजन घेतात रे, रॉइस? काट्यापर्यंत नेणाऱ्याचं, की वाळवंटात नेणाऱ्याचं?"

"चूक झाली, आई. डोक्यातच आलं नाही."

"चूक एक स्वॅगची झाली, एक बिअरची झाली, एक चकतीची झाली. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही तुझी लहानपणची खोड. सरळ सांग. माझ्या खुर्चीत तू बसणार होतास."

टेबलाखाली टिलीने रॉइसच्या बुटावर हनुवटी टेकली.

"मागल्या वर्षी बिग रेडवरून तू किती वेळा मागे घसरलीस?" तो हळूच म्हणाला.

बिग रेड म्हणजे बर्ड्सविलच्या अलीकडची शेवटची आणि सगळ्यांत दांडगी टेकडी. नोलाचे कान तापले.

"कोणी सांगितलं तुला?"

"रेडिओवर बोलतेस तू, आई. अख्खं वाळवंट ऐकतं. माझ्या कामावरचा एक जण होता तिथे. म्हणाला, एक म्हातारी आत बसून टेकडीला शिव्या देत होती. मी म्हटलं, शिव्या कुठल्या? त्याने सांगितल्या. म्हटलं, हां, मग आमचीच."

"चढले ना शेवटी!"

"चढलीस. आणि आडवी झाली असतीस तर? व्हर्नामावशीला मी येतो म्हणून सांगितलं होतं, खरं आहे. तुला निघायच्या दिवशी सांगणार होतो. नाही म्हणायला वेळच मिळू नये म्हणून."

"आणि गाडी? ती कोण चालवणार होतं?"

"ते ठरवलं नव्हतं."

"चकतीने ठरवलं होतं."

"आईशप्पथ, ती चूक होती!"

नोलाने त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. खुराड्याची कडी विसरला तेव्हाही हेच तोंड होतं, आणि मोटारसायकल चोरली तेव्हाही हेच. एक विसर होता, एक लबाडी. दोन्ही वेळा तोंड तेच. इतकं सगळं आठवून त्याचा काही उपयोग होत नव्हता. तिने त्याच्या ताटलीत पायचा उरलेला तुकडा सरकवला, कारण ठरवायला तिला थोडा वेळ हवा होता.

"उद्या रजा काढ," ती म्हणाली. "काट्यावर जायचंय."

सोमवारी गाडी पुन्हा भरली. टाक्या, फ्रिज, दोन्ही स्वॅग, मागे टिली. नोला क्रेटवरून चढून ड्रायव्हरच्या जागी बसली आणि क्रेट वर ओढून घेतला. रॉइस डावीकडे बसला. खुर्ची करकरली. तिने फ्रूटकेकचा डबा त्याच्या मांडीवर ठेवला.

"हा कशाला?"

"डावीकडच्या माणसाने धरायचा असतो. मी इतकी वर्षं धरला."

उजवी चाकं काट्यावर गेली, मग डावी. काट्यावरच्या ग्वेंडाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ए रॉइस, बूट काढ रे! तुझा बाप काढायचा!"

"त्याचा काही फरक पडायचा का?"

"कधीच नाही!"

लाल आकडे उमटले. डावी बाजू जड. रस्त्यावरून जाणाऱ्या नोस्कीने गाडी हळू करून ते वाचले आणि हॉर्न वाजवला. रॉइस मानेपर्यंत लाल झाला. नोलाला त्याच्याबद्दल थोडं वाईट वाटलं, पण फार नाही.

स्टेलने उजवीकडची चकती काढून एक डावीकडे चढवली. "सगळं आयुष्य गेलं या गाड्यांखाली," तो खालूनच बोलला, "पण डावीकडे जाड चकती पहिल्यांदाच घालतोय. उद्या कुणी बघितलं तर म्हणेल, मावरोस म्हातारा झाला."

"म्हणू देत," नोला म्हणाली. "आणि घट्ट बसव. निघताना मी हात घालून बघणार आहे."

निघायच्या दिवशी तिने खरोखरच हात घालून बघितला. किल्ली तिने गळ्यात दोरीला बांधली होती. पाच दिवसांचा प्रवास, आणि रोज सकाळी रॉइस सवयीने उजव्या दाराकडे जायचा, मुठीला हात लावायचा, मग थबकून वळसा घालून डावीकडे यायचा. ती सवयच होती की आणखी काही, हे नोला रोज बारकाईने पाही. वाळूत टायरांतली हवा त्यानेच कमी केली, चहा त्यानेच केला, रेडिओवर हाकाही त्यानेच घातल्या. चढ आला की मात्र त्याचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर असा दाबला जायचा, जणू तिथे ब्रेक आहे. बॉनेट मात्र नांगराच्या तासासारखं सरळ चाललं होतं. दुपारच्या थांब्याला तिने कप टेकवून बघितला. चहा कुठेच कलत नव्हता.

आणि मग बिग रेड. तांबडी, अंगावर आलेली, माथ्यावर झेंडे लावलेल्या गाड्यांची गर्दी.

पहिल्या झटक्याला नोला माथ्याच्या जरा खाली अडकली. चाकं फिरली, वाळू उडाली, गाडी थांबली. तिने रिव्हर्स टाकला आणि आली त्याच चाकोरीतून गाडी सरळ खाली आणली. वरून कुणीतरी रेडिओवर म्हणालं, "अरे, या तर मागल्या वर्षीच्या आजी!"

तिला डावीकडून दाराच्या मुठीचा आवाज आला. रॉइसने केकचा डबा खाली ठेवला होता आणि त्याचं दार बोटभर उघडलं होतं. त्याचे डोळे दाराकडे नव्हते, स्टिअरिंगकडे होते.

"कुठे निघालास?"

"मी... म्हटलं, वजन कमी होईल. उतरून चालत येतो. किंवा तू म्हणत असशील तर..."

"दार लाव."

"आई..."

"ती चकती तुझ्यासाठी घातलीय. तू उतरलास तर गाडी माझ्या अंगावर कलेल. बस मुकाट्याने, आणि डबा धर."

रॉइसने दार लावलं. डबा उचलून मांडीवर घेतला. नोलाने उशी पाठीशी नीट केली, गियर टाकला आणि या वेळी खालपासूनच पाय दाबला. टेकडी काचेत मावेनाशी झाली. मग वाळू संपली आणि काचेत नुसतं निळं आभाळ राहिलं. डावीकडे रॉइसचा पाय पत्र्यावर ब्रेक शोधत होता. तोंडाने तो बापासारख्याच शिव्या देत होता, टेकडीला की आईला, ते तिने विचारलं नाही.

पलीकडे, खाली सपाटीवर, बर्ड्सविलची पत्र्याची छपरं चमकत होती. नोलाने माथ्यावर गाडी उभी केली आणि रेडिओ हातात घेतला.

"व्हर्ना, ऐकतेस ना? आम्ही आलो. आणि तुझ्या त्या नव्या शेजाऱ्याला सांग, बिअर आणलीय."